विशेषनामाचे सामान्यनाम होताना

शाळेत मराठी व्याकरण शिकताना एक नियम आपल्या सर्वांच्याच वाट्याला आलेला असतो. विशेषनाम हे एका विशिष्ट व्यक्तीचे, प्राण्याचे वा वस्तूचे असते. परंतु प्रसंगी ते सामान्यनामासारखेही वापरले जाते. 'हा मुलगा म्हणजे अगदी कुंभकर्ण आहे' असे म्हणताना रावणाच्या भावाशी आपल्याला काही कर्तव्य नसते. मुलगा फार झोपतो, एवढेच सांगायचे असते. परीक्षेत या नियमाचे एक उदाहरण लिहून आपण पुढे जातो आणि मग तो विसरूनही जातो. पण या साध्या नियमाच्या पोटात भाषा आणि वाङ्मय यांच्यातील केवढा तरी मोठा व्यवहार दडलेला आहे.

इंग्रजी भाषेत हा व्यवहार विशेष स्पष्ट दिसतो. आपला कुंभकर्ण किंवा शकुनी नेमका केव्हा म्हणीत जाऊन बसला हे सांगणे अवघड आहे. इंग्रजीत मात्र अनेक शब्दांचे जन्मस्थान म्हणून एक नाटक किंवा एक कादंबरी, तिचा कर्ता आणि तिचे प्रकाशनवर्ष दाखविता येते. पात्र जन्माला कधी आले, शब्दकोशात कधी शिरले आणि मधल्या काळात त्याचे काय झाले, हे तपासता येते. प्रस्तुत लेखात हा प्रवास थोडक्यात पाहावयाचा आहे. त्याबरोबरच, एखाद्या पात्राचा शब्द होतो तेव्हा भाषेला काय मिळते आणि त्या पात्राने काय गमावलेले असते, याचाही विचार करावयाचा आहे.

रंगभूमीची देणगी

प्रथम एक रोजचा शब्द घेऊ. 'पॅन्ट' हा शब्द आज मराठीत शिंप्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. त्याचे मूळ एका नाटकी पात्रात आहे, हे सांगितल्यास अनेकांना नवल वाटेल. सोळाव्या शतकात इटलीत मुखवटे घालून उत्स्फूर्त संवादांनी रंगविण्याच्या विनोदी नाटकांचा एक प्रकार भरभराटीला आला. त्यात ठरावीक पात्रे असत. त्यांपैकी पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा, कंजूष व्यापारी. पायांना घट्ट बसणारा तांबडा पायघोळ पोशाख ही त्याची खूण. या पात्राच्या नावावरून इंग्रजीत एका प्रकारच्या विजारीला 'पँटलून' म्हणू लागले. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी जिला 'पाटलोण' म्हणे ती हीच. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्या शब्दाचा संक्षेप होऊन 'पॅन्ट्स' झाले. म्हातारा कंजूष काळाच्या पडद्याआड गेला, त्याची विजार मात्र जगभर पसरली. त्याच नाटकांतील 'झान्नी' या विदूषकी नोकरावरून इंग्रजीत 'झेनी', म्हणजे चक्रम, गमत्या, हा शब्द आला. झान्नी हे मुळात जोव्हान्नी या नावाचे बोलीतील रूप.

दुसरे उदाहरण याहून जुने आहे. राजकारणी लोक मतदारांच्या नको त्या इच्छांचे लाड पुरवितात तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रे 'पँडर' हे क्रियापद वापरतात. होमरच्या महाकाव्यात पँडारस हा ट्रॉयच्या बाजूने लढणारा एक धनुर्धर आहे. चौदाव्या शतकात बोकाचिओने त्याला प्रेमिकांची गाठ घालून देणारा मध्यस्थ केले. चॉसरने त्याला नायिकेचा मामा-काका बनवून अधिक रंगविले. शेक्सपिअरच्या 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' या नाटकात तर पँडारस स्वतःच सुचवितो, की यापुढे साऱ्या मध्यस्थांना माझेच नाव द्यावे. तोपर्यंत ते नाव लोकांच्या तोंडी रुळलेलेच होते. धनुर्धराचा दलाल झाला आणि दलालीचे क्रियापद झाले.

मोठे अक्षर गळून पडते

इंग्रजी लिपीत एक सोय आहे, जी देवनागरीत नाही. तेथे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. पात्राचे नाव शब्द म्हणून पुरते रुळले, की हे मोठे अक्षर हळूहळू गळून पडते. ते गळाले म्हणजे ते नाव सामान्यनामांच्या पंगतीला येऊन बसले असे समजावे. पुढची पायरी प्रत्ययांची. नावाला 'इक', 'इयन', 'इझम' असे प्रत्यय लागले, की त्या शब्दाचा संसार वाढू लागतो.

सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली व दुसरा १६१५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर १६१२ सालीच झाले होते. अठराव्या शतकात या नायकाच्या नावापासून 'क्विक्झॉटिक' हे विशेषण प्रचारात आले. अव्यवहारी, ध्येयवेडा, स्वप्नाळू अशा अर्थांची मोठी गर्दी त्या एका शब्दात आहे. उच्चारही पूर्णपणे इंग्रजी झालेला आहे. मूळ स्पॅनिश नाव आणि हे विशेषण शेजारीशेजारी उच्चारले, तर दोहोंचे नाते चटकन ओळखूही येत नाही.

स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १७२६ सालच्या पुस्तकाने तर एकट्याने अनेक शब्द दिले. 'लिलिपुशन' म्हणजे अगदी चिमुकला. 'याहू' म्हणजे रानटी, असंस्कृत माणूस. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या संगणकीय सूचीला हेच नाव थट्टेने दिले आणि स्विफ्टने माणसाच्या पशुत्वासाठी योजिलेला शब्द एका जगप्रसिद्ध कंपनीच्या पाटीवर जाऊन बसला.

शेरिडनच्या 'द रायव्हल्स' या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉपची कथा आणखी गमतीची आहे. हे नाटक १७७५ साली रंगभूमीवर आले तेव्हा नाटककार अवघा २३ वर्षांचा होता. ही बाई भारदस्त शब्द वापरण्याच्या हौसेपायी भलताच शब्द योजते. मगरीसारख्या 'ॲलिगेटर' या प्राण्याऐवजी ती 'ॲलिगरी', म्हणजे रूपककथा, म्हणून मोकळी होते. फ्रेंच भाषेत 'अस्थानी' या अर्थाचा जो शब्दप्रयोग आहे, त्यावरून शेरिडनने तिचे नाव बेतले आणि तिच्या नावावरून पुढे 'मॅलाप्रॉपिझम' ही संज्ञा झाली. शब्दावरून नाव आणि नावावरून पुन्हा शब्द, असे हे वर्तुळ पूर्ण झाले.

एक पात्र तर रंगमंचावर न येताच शब्द बनले आहे. टॉमस मॉर्टनच्या १७९८ सालच्या 'स्पीड द प्लाऊ' या नाटकात एक शेतकरीण ऊठसूट एकच काळजी करते, की शेजारच्या मिसेस ग्रंडी काय म्हणतील? या ग्रंडीबाई नाटकात शेवटपर्यंत दिसत नाहीत. 'लोक काय म्हणतील?' या आपल्या घराघरांतील प्रश्नाला इंग्रजीत त्यांचे नाव मिळाले ते कायमचेच.

डिकन्सची टाकसाळ

नावांची नाणी पाडण्याच्या कामात चार्ल्स डिकन्सची बरोबरी करणारा कादंबरीकार विरळा. 'स्क्रूज' म्हणजे चिक्कू. 'मिकॉबर' म्हणजे कर्जात बुडालेला असूनही आज ना उद्या काहीतरी चांगले घडेल या आशेवर जगणारा. 'पेक्स्निफ' म्हणजे नीतीच्या गप्पा मारणारा ढोंगी. 'ग्रॅडग्राइंड' म्हणजे आकडे आणि तथ्ये यांपलीकडे काही न मानणारा. 'मार्टिन चझलविट' या कादंबरीतील सेरा गँप ही दारूबाज सुईण नेहमी एक जुनी, अजागळ छत्री बाळगते. तिच्यावरून मोठ्या ढगळ छत्रीलाच 'गँप' म्हणू लागले.

हे डिकन्सच्याच बाबतीत एवढ्या प्रमाणात का घडावे? याचे एक कारण प्रतिभा हे खरेच; परंतु दुसरे कारण प्रकाशनाच्या पद्धतीत आहे. त्याच्या अनेक कादंबऱ्या मासिक भागांनी, एक शिलिंग किमतीच्या पुस्तिकांतून निघत. १८३६-३७ मध्ये निघालेल्या 'पिकविक पेपर्स'चा खप अखेरीस दरमहा सुमारे ४०,००० प्रतींपर्यंत गेला. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत. या कादंबऱ्यांची नाट्यरूपे होत. १८५८ पासून डिकन्स स्वतः तिकीट लावून आपल्या कथांची जाहीर वाचने करू लागला. म्हणजे त्याची पात्रे महिनोन् महिने लोकांच्या गप्पांत राहत. ज्यांनी मूळ पुस्तक कधी हातात धरले नव्हते, त्यांनाही ती ठाऊक असत.

येथेच या प्रक्रियेचे पहिले मर्म हाती लागते. पात्राचा शब्द व्हायचा, तर ते पात्र पुस्तकाबाहेर पडलेले असावे लागते. पुढे हेच काम रंगभूमीच्या जोडीने चित्रपटाने व दूरचित्रवाणीने केले.

दुसरी अट अशी, की भाषेत त्या अर्थाची जागा रिकामी असली पाहिजे. चुकीच्या भारदस्त शब्दाला मॅलाप्रॉपबाईंपूर्वी सुटसुटीत नाव नव्हते. दिवास्वप्नांत स्वतःला शूर वीर समजणाऱ्या सामान्य गृहस्थाला १९३९ साली जेम्स थर्बरच्या कथेतून 'वॉल्टर मिटी' हे नाव मिळाले, आणि असे गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखीचे असल्यामुळे ते टिकले.

तिसरी अट स्वभावाची. ज्या पात्राचा एकच गुण ठळक असतो, त्याचा शब्द लवकर होतो. हॅम्लेटचे नाव जगाला ठाऊक आहे. तरी स्क्रूज वा रोमिओ यांच्यासारखा तो रोजच्या बोलण्यातला शब्द झालेला नाही. तो एका अर्थात मावत नाही. ज्याला सर्वांत जास्त लोक ओळखतात, असे पात्र सर्वांत जास्त वापरले जातेच असे नाही.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील तळीराम आज मराठी वृत्तपत्रांत दर वर्षी ३१ डिसेंबरच्या सुमारास अनेकवचनात अवतरतो. 'तळीरामांवर कारवाई' ही बातमी वाचणाऱ्या किती जणांनी ते नाटक पाहिलेले असते? पण अर्थ कोणालाच विचारावा लागत नाही.

शब्द झाला, माणूस हरवला

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. भाषा पात्राला अमर करते असे आपण सहज म्हणतो. पण ती अमर करते पात्राचा एक तुकडा. उरलेले पात्र ती टाकून देते.

स्क्रूजचेच पाहा. 'अ ख्रिसमस कॅरोल' ही कथा डिसेंबर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती कंजूष माणसाची कथा नाहीच. कंजूष माणूस एका रात्रीत बदलतो, याची ती कथा आहे. शेवटी स्क्रूज आपल्या कारकुनाचा पगार वाढवितो आणि त्याच्या आजारी मुलाला दुसऱ्या बापासारखा आधार होतो. डिकन्सला जे सांगायचे होते ते शेवटच्या प्रकरणात आहे. भाषेने मात्र पहिले प्रकरण वाचून पुस्तक मिटले. मिकॉबरचीही तीच गत. तो कादंबरीच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात जाऊन मॅजिस्ट्रेट होतो, कर्जे फेडतो. पण शब्दकोशात तो अजून आशेवरच बसलेला आहे.

फ्रँकेन्स्टाइनच्या वाट्याला वेगळाच घोटाळा आला. मेरी शेलीची ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती २० वर्षांची होती. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा त्या प्राण्याला घडविणारा तरुण शास्त्रज्ञ. निर्माण झालेल्या प्राण्याला कादंबरीत नावच नाही. १८२३ च्या नाट्यरूपांतरात पात्रयादीत त्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा छापल्या होत्या. मोकळी जागा भाषेला सोसत नाही; तिने निर्मात्याचे नाव त्या प्राण्याला देऊन टाकले, आणि १९३१ च्या चित्रपटानंतर तर तो समज पक्काच झाला. चूक खरी, पण विचार करता तिच्यात एक न्यायही दिसतो. जन्म देऊन पोराला वाऱ्यावर सोडणाऱ्या बापाचे नाव अखेर त्या पोराला मिळाले!

नाव नसण्याची याहून बोचरी गोष्ट 'रॉबिन्सन क्रूसो'त आहे. विश्वासू मदतनिसाला इंग्रजीत 'मॅन फ्रायडे' म्हणतात. १७१९ च्या या कादंबरीत क्रूसो एका तरुणाचे प्राण वाचवितो. तो वार शुक्रवार होता म्हणून त्याचे नाव फ्रायडे ठेवतो आणि स्वतःला 'मालक' म्हणायला शिकवितो. त्या तरुणाला त्याच्या आईबापांनी काही नाव ठेवले असेल, हा प्रश्न क्रूसोला पडत नाही. म्हणजे येथे शब्द झाले ते पात्राचे नावसुद्धा नव्हे. धन्याने डकविलेली ती चिठ्ठी आहे. दीडशे वर्षे परक्या राज्याखाली काढलेल्या देशातील वाचकाने हा शब्द वापरण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

परंतु सर्वांत मोठा अन्याय झाला तो अंकल टॉमवर. हॅरिएट बीचर स्टो यांची गुलामगिरीविरुद्धची ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली आणि अमेरिकेत पहिल्या वर्षातच तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. आज 'अंकल टॉम' म्हणजे गोऱ्यांपुढे लाचारी करणारा कृष्णवर्णीय. एका कृष्णवर्णीयाने दुसऱ्याला द्यावयाची ही जहरी शिवी आहे. आणि कादंबरीतला टॉम? पळून गेलेल्या दोन गुलाम स्त्रिया कोठे लपल्या आहेत हे त्याला ठाऊक असते. मालक त्याला मरेपर्यंत मारवितो. पण टॉम तोंड उघडत नाही. प्राण देऊन आपल्या माणसांचे रक्षण करणाऱ्याचे नाव फितुरीसाठी वापरले जावे, हे कसे घडले? पुस्तकाच्या पाठोपाठ गावोगाव 'टॉम शो' नावाचे खेळ सुरू झाले. तोंडाला काळे फासून गोरे नट टॉमची भूमिका करीत. अनेक खेळांत तो वाकलेला, केविलवाणा, हुजऱ्या म्हातारा झाला. पुस्तकातला टॉमही क्षमाशील आणि सोशिक आहेच. पुढील पिढ्यांना ते सोसणे रुचले नाही हेही समजण्यासारखे आहे. तरीपण त्याचे शेवटचे मौन या शब्दाच्या अर्थात कोठेच उरले नाही.

कधी कधी शब्दाची झळ पुस्तकाबाहेरच्या हाडामांसाच्या माणसांना लागते. 'शायलॉक' म्हणजे निर्दय सावकार. शेक्सपिअरने 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' लिहिले त्या काळी इंग्लंडात ज्यूंना उघडपणे राहण्याची मुभा नव्हती. १२९० साली त्यांना देशाबाहेर घालविले होते आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती स्थिती होती. नाटकात शायलॉक आपल्या सूडाचे कारण सांगतो. माझ्यावर थुंकलात, मला कुत्रा म्हणालात, मी तुमच्यासारखाच माणूस नाही काय, असे विचारतो. शब्दाने हा प्रश्न वगळला आणि सुरी तेवढी ठेवली. २०१४ साली अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडन यांनी सैनिकांना लुबाडणाऱ्या सावकारांना उद्देशून हा शब्द वापरला. ज्यू संघटनेने आक्षेप घेताच आपली शब्दनिवड चुकली असे त्यांनी मान्य केले. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकातील एका नावासाठी आज माफी मागावी लागते, एवढे त्या नावाचे वजन आहे.

याच्या उलट, काही शब्दांची धार पुढे बोथट होत जाते. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतील 'बिग ब्रदर' म्हणजे प्रत्येकावर नजर ठेवणारी, माणसाच्या मनातही शिरू पाहणारी सत्ता. १९९९ साली हॉलंडमध्ये याच नावाने दूरचित्रवाणीचा एक खेळ निघाला. त्याचाच अवतार असलेला 'बिग बॉस' २००६ पासून हिंदीत व २०१८ पासून मराठीत आला. ज्या नजरेने वाचकांचा थरकाप व्हावा असे लेखकाला वाटत होते, तिच्याखाली राहण्यासाठी आता स्पर्धा लागते आणि प्रेक्षक जेवताना ती पाहतात.

हा दोष एकट्या इंग्रजीचा नव्हे. भक्तीची सूत्रे ज्याच्या नावावर आहेत तो देवर्षी नारद मराठी बोलण्यात कळलाव्या उरला आहे. आणि अधर्माची बाजू सोडणारा बिभीषण आपल्या तोंडी निव्वळ घरभेदी आहे. बोलण्याच्या घाईत भाषेला पुरा माणूस परवडत नाही. खूण पटली म्हणजे तिचे काम झाले. त्याबद्दल तिला दोष देऊन उपयोग नाही, आणि हे शब्द वापरणे सोडावे असेही कोणी म्हणणार नाही. ते गेले तर भाषा अळणी होईल.

परंतु वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे काम भाषेच्या कामापेक्षा वेगळे आहे. शब्द ज्या पानावर थांबला त्याच्या पुढची पाने वाचणे, हे त्याचे काम. एखाद्याला आपण स्क्रूज, अंकल टॉम किंवा शायलॉक म्हणतो तेव्हा पुस्तकातल्या एका माणसाबरोबर समोरच्या माणसालाही आपण एका गुणावर तोलून मोकळे होतो. तेव्हा असा शब्द वाचनात आला, की शब्दकोशात त्याचा अर्थ अवश्य पाहावा. त्याच नोंदीत बहुधा पुस्तकाचे नावही दिलेले असते. मग ग्रंथालयातून ते पुस्तक मागवून निदान त्याचे शेवटचे प्रकरण तरी वाचावे. आपण वापरीत असलेल्या शब्दाचे पुढे काय झाले, ते बहुधा तेथे सापडते.